लातूरची सहल आणि रत्नम्माच्या आडाचं पाणी

रत्नम्माला संशय यायला फार मोठं कारण लागायचं नाही. दूधवाल्यानं मापाच्या वर एक धार जास्त सोडली, तर ती भांडं उजेडात धरून बघायची, आज हा एवढा खूश कशानं म्हणून. बाजारात कलिंगडाला टिचक्या मारायची, आणि विकणाऱ्यानं "घ्या माय, गोड हाय" म्हटलं की मग तर घ्यायचीच नाही. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, उदगीर त्यात गेलं, लोकांनी पेढे वाटले, तेव्हा हातावर पेढा घेऊन ती म्हणाली होती, "जिल्हा झाला म्हणून आमच्या आडाला पाणी वाढणार हाय का?" पेढा मात्र खाल्ला.

त्याला चार-पाच वर्षं झाली. पाणी काही वाढलं नाही. उलट लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि गल्लीत टँकर यायला लागला. अशा दिवसांत एकदा जेवता जेवता तिचा मुलगा सिद्रामप्पा म्हणाला, "अव्वा, या रविवारी लातूरला जाऊ. सगळेच. पोरांना गोलाई दाखवू, सिद्धेश्वराला जाऊ. नवी बाग झालीय म्हणं, तिथं दशम्या खाऊ. सांजच्या एस्टीनं माघारी."

रत्नम्माचा घास हातातच राहिला. या घरातून सहलीला म्हणून कुणी कधी गेलं नव्हतं. माहूरला गेले होते ते नवस फेडायला. उदगीरचा किल्ला चालत जायच्या वाटेवर, तोही पोरांनी शाळेच्या रांगेतून पाहिलेला. आणि आता, एका बादलीत दोन पोरं न्हाऊ घालायच्या दिवसांत, बाग बघायला?

कारण तिला ठाऊक होतं. ते कारण सिद्रामप्पाच्या सदऱ्याच्या खिशात दोन महिन्यांपासून घडी होऊन पडलं होतं. तो कचेरीत कारकून, त्याची बदली लातूरला झाली होती. जूनपासून पोरांची शाळाही तिकडेच. बदलीचा कागद आला त्या दिवशी रत्नम्मानं ओट्यावर उभं राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं होतं, "माझ्या लिंगाला या घरच्या आडाचं पाणी लागतंय. पस्तीस वर्षं झाली, एक दिवस चुकला न्हाई. आड सोडून मी कुठं जाणार न्हाई."

बोलणं खरं होतं. रत्नम्मा लिंगायताघरची. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग रोज तळहातावर घेऊन, त्याला पाणी घालून, विभूती-बेल वाहून झाल्याशिवाय तिच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं मागच्या अंगणातला आड दाखवला होता आणि म्हटलं होतं, लिंगाला ह्याचंच पाणी. तेव्हापासून पूजेचं पाणी ती स्वतः शेंदायची. पोहऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. परगावी जायचं तर फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या भरून बरोबर. लग्नात, बारशात, माहूरच्या डोंगरावरही तो तांब्या तिच्या मांडीवर. गल्लीत तिला मान होता तो या आडामुळे.

तेव्हा सहल म्हणजे दुसरं काही नव्हतं. लातूर गोड गोड करून दाखवायचं, पोरांच्या तोंडून चार शब्द बोलवायचे, आणि बागेत बसून विचारायचं: अव्वा, येतीस ना आमच्यासंगं? रत्नम्मानं उत्तर तयार ठेवलं. "न्हाई" एवढंच. मागं-पुढं काही नाही.

आता एक गोष्ट मात्र गल्लीला ठाऊक नव्हती. ओट्यावरून ते बोलल्याला पंधरा दिवसही झाले नसतील, तोच एका पहाटे तिनं पोहरा सोडला आणि खालून दगडावर पत्रा आपटल्याचा आवाज आला. दोर झटकून पुन्हा सोडला. पुन्हा तेच. आड आटला होता.

सांगायचं कुणाला? आणि सांगितलं तर ओट्यावरच्या बोलण्याचं काय? त्या दिवशी तिनं रांजणातलं टँकरचं पाणी गुपचूप तांब्यात घेतलं, लिंगाला हळूच म्हणाली, "तुला ठाव हाय, बाकीच्यांना कामून सांगायचं," आणि पूजा उरकली. दुसऱ्या दिवसापासून तिनं पद्धतच पाडली. आधी रांजणाजवळच्या कोपऱ्यातल्या घागरीतून टँकरचंच पाणी तांब्यात भरायचं, मग आडावर जाऊन रिकामा पोहरा खाली-वर करायचा, म्हणजे रहाटाचं चाक करकरलेलं सगळ्यांना ऐकू येईल. टँकरच्या पाण्याला बिलचिंग पावडरीचा वास यायचा. त्यासाठी तांब्यात वाळ्याची जुडी. दीड महिना हे चाललं होतं. जगावर संशय घेणाऱ्या बाईला स्वतःचं हे कधी दिसलं नाही, किंवा दिसलं तरी तिनं तिकडं बघितलं नाही.

रविवारी पहाटे रहाट करकरला, दशम्या बांधल्या गेल्या, आणि सगळी एस्टीत बसली. खिडकीजवळ पाच वर्षांचा गुंडू, पुढच्या बाकावर सिद्रामप्पा आणि नऊ वर्षांची रुद्राणी, मधे सून महानंदा, आणि कडेला रत्नम्मा, मांडीवर तांब्या.

"आज्जी, लातूरला कारंजं हाय," गुंडू म्हणाला. "पाणी वर उडतंय."

"कुणी सांगितलं?"

"अप्पानं."

"अस्सं," रत्नम्मा म्हणाली, आणि पुढच्या बाकावरच्या मुलाच्या मानेकडे बघत राहिली. पढवून आणलंय पोराला.

नळेगावला गाडी थांबली तेव्हा महानंदानं हात पुढे केला. "द्या अव्वा, तांब्या मी धरते. मांडीला रग लागली असंल."

"राहू दे."

"वाळ्याचा वास लई सुटलाय. आडाच्या पाण्यात वाळा कशाला?"

"उन्हाळा हाय म्हणून."

महानंदा तोंड फिरवून गुंडूच्या डोक्यावरून बाहेर बघायला लागली. बाहेर तर काळी उघडी रानं आणि वाळलेल्या बाभळी. एवढं काय बघून राहिली ही? रत्नम्मानं तांब्याचं झाकण अजून एक आटा आवळलं.

लातूरला उतरल्यावर आधी गोलाई. मधे देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि चहूकडं फुटलेले रस्ते. सोळा रस्ते आहेत म्हणून सिद्रामप्पानं सांगितलं आणि रुद्राणी बोट दाखवत मोजायला लागली. अकरापर्यंत आली की एक हातगाडी आडवी जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. गुंडू हिरमुसला, त्याला रस्ते नको होते, कारंजं हवं होतं. एवढ्यात सिद्रामप्पा एका दुकानातून पुडी घेऊन आला.

"अव्वा, ही विभूती. बघ की, किती बारीक हाय. आपल्याकडं अशी मिळत न्हाई."

रत्नम्मानं चिमूट बोटांत चोळली. खरंच मऊ होती. "मग?" तिनं विचारलं.

"मग काय? तुला आणली."

"अस्सं."

सिद्धेश्वराच्या देवळातही तसंच. सिद्रामप्पा हात जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. आता हा देवासमोर विचारणार, म्हणजे आईला नाही म्हणता येऊ नये, असं वाटून रत्नम्मा खांबाला टेकून तयारीत उभी राहिली. त्यानं डोळे उघडले, आईच्या पाया पडला, आणि म्हणाला, "चला, ऊन वाढलं." बस्स. रत्नम्माला पायरी उतरताना जरा चुकल्यासारखं झालं, चढायला म्हणून पाय उचलावा आणि पायरीच नसावी तसं.

देवळातून निघाल्यावर तो म्हणाला, "वाटेत पाच मिनिटं एका बाईंकडं थांबू. घर भाड्यानं देणार हायत त्या."

हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. खरा डाव इथंच.

चंद्रप्रभाबाई शाळेत शिकवायच्या. उंच, चष्मा लावलेल्या, बोलणं अगदी वहीत लिहिल्यासारखं. त्यांनी लिंबाचं सरबत केलं. रत्नम्मा "मला नको" म्हणाली. मग त्यांनी मागच्या बाजूच्या दोन खोल्या उघडल्या. आत चुन्याचा ताजा वास होता, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात नळ होता, भिंतीत एक कोनाडा होता. महानंदानं चुलीची जागा बघितली. रुद्राणीनं खिडकीला लोंबकळून बघितलं. रत्नम्मा दारातच उभी राहिली, आत गेलं तर हो म्हटल्यासारखं व्हायचं म्हणून.

"बघून घ्या नीट," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "तुम्हा चौघांना जरा बेताचीच आहे जागा, पण होईल."

"होईल की, बाई," सिद्रामप्पा म्हणाला. "चौघांना पुष्कळ हाय."

रत्नम्मानं पदराखाली बोटांवर माणसं मोजली. सिद्राम, महानंदा, रुद्राणी, गुंडू. चार. पुन्हा मोजली, गोलाईतल्या रस्त्यांसारखी. चारच आली.

"खाट कुठं बसंल इथं?" तिनं विचारलं. सहज विचारावं तसं.

"खाट कशाला अव्वा?" महानंदा चुलीजवळूनच म्हणाली. "आम्ही खालीच झोपतो की."

रत्नम्मा दारातून बाजूला झाली. दोन महिने जे "न्हाई" तिनं दाताखाली धरून ठेवलं होतं, ते मागायला कुणी आलंच नव्हतं. येणारही नव्हतं. यांचं ठरलं होतं. विभूतीची पुडी, सिद्धेश्वर, पाया पडणं, सगळं आता उलटं होऊन तिच्यासमोर उभं राहिलं. म्हातारीला एक दिवस फिरवून आणायचं आणि आडाच्या काठावर सोडून जायचं. बाहेर पडताना चंद्रप्रभाबाईंनी विचारलं, "आजी, घर आवडलं का?" तेव्हा ती म्हणाली, "मला काय करायचंय? राहणारे चौघं हायत."

सिद्रामप्पानं एकदा तिच्याकडं बघितलं. मग गुंडूचं बोट धरून चालायला लागला.

बागेत गवत पिवळं पडलं होतं. रोपांना काट्यांची कुंपणं होती, आत बऱ्याच ठिकाणी नुसती काडी उभी. घसरगुंडीचा पत्रा एवढा तापलेला की गुंडू बसला तसा ओरडत उठला. आणि कारंजं: गोल सिमेंटचा हौद, मधे लोखंडी नळी, हौदात वाळलेला पाला, आणि पाल्यावर एक कुत्रं निवांत झोपलेलं.

"अप्पा, पाणी कुठंय?"

"पाऊस पडला की सोडतील रे."

"वर उडतंय म्हणालास ना?" रत्नम्मा म्हणाली. "गेलं असंल उडून."

एरवी यावर सिद्रामप्पा हसला असता. आज नाही हसला. लिंबाखाली सतरंजी टाकली, महानंदानं दशम्या सोडल्या, शेंगाची चटणी वाढली. रत्नम्मा अर्धी दशमी घेऊन बसली होती, पण घास फिरत होता. तेवढ्यात गुंडूनं चटणीचा बकाणा भरला आणि त्याला ठसका लागला.

महानंदानं पाण्याचा डबा वाकडा केला. दोन घोट निघाले. बाकीचं रुद्राणीनं गोलाईतच संपवलं होतं. सिद्रामप्पा बागेच्या नळाकडं पळाला. नळानं नुसती हवा सोडली. गुंडूचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खोकला थांबेना.

राहिला तांब्या.

रत्नम्माचा हात झाकणावर होता. सांजच्या पूजेचं पाणी म्हणून कुणी मागायचं धाडस करत नव्हतं, सगळे तिच्याकडं नुसतं बघत होते. पूजेचं तर तिच्या मनातही नव्हतं. तिच्या मनात होता तो वास. चूळभर पाणी त्याच्या तोंडात गेलं की पोर बोलणार. मग गुंडूला पुन्हा ठसका लागला, उलटीसारखा, आणि तिनं झाकण फिरवलं.

"पी बाळा. सावकाश."

गुंडू प्याला. खोकला उतरला. उरलेल्यातलं रुद्राणी वाळ्याची जुडी बाजूला सारून, तोंड वर करून प्याली, आणि म्हणाली, "आज्जी, हे टँकरचं पाणी हाय."

"काहीतरीच. वाळ्याचा वास हाय तो."

"न्हाई. बिलचिंग हाय."

"बिलचिंगच हाय," गुंडूनं साक्ष दिली, अजून नाक ओढत.

"रुद्रे, गप बस," महानंदा म्हणाली. पण फार लवकर म्हणाली. रत्नम्माच्या कानानं ते धरलं.

"तुला ठाव होतं?"

महानंदा दशम्यांचं फडकं घडी करायला लागली.

"महानंदा, मी काय विचारून राहिले?"

"ठाव होतं अव्वा. पहिल्याच दिवशी. पोहरा दगडावर आपटला तो चुलीपाशी ऐकू येतोय."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुम्ही रोज पहाटे उठून रिकामा पोहरा वर-खाली करताव. त्यात मी काय बोलू?" मग जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्यासाठी रांजणातलं वरचं पाणी गाळून वेगळं ठेवत होते मी. कोपऱ्यातल्या घागरीत. तुम्ही तेच न्यायचाव."

कोपऱ्यातली घागर नेहमी नितळ कशी असते, याचा रत्नम्माला दीड महिना संशय होता. कुत्र्यानं हौदात कूस बदलली.

"म्हणजे आडात पाणी न्हाई?" सिद्रामप्पा म्हणाला. तो अजून नळापासून आलेला तसाच उभा होता. "कवापासून?"

"तुला सांगितलं न्हाई हिनं?"

"न्हाई. मला कोण काय सांगतंय या घरात?"

"अव्वांचं गुपित होतं," महानंदा म्हणाली. "मी कशाला सांगू?"

रत्नम्मानं पदरानं तोंड पुसलं. आता गप्प बसायला हवं होतं, पण तिला ते कधी जमलंच नव्हतं. "माझं खोटं निघालं, बरं झालं. पण तुमचं काय? मला तिथं आडापाशी टाकून चौघं इथं येणार, ते कधी सांगणार होताव? एस्टीत बसल्यावर?"

सिद्रामप्पा मटकन सतरंजीवर बसला. "अव्वा, तूच ओट्यावर उभी राहून सांगितलंस ना? आड सोडून कुठं जाणार न्हाई म्हणून? अख्खी गल्ली साक्षीला. आड काय एस्टीच्या टपावर घालून आणू? पस्तीस वर्षांचं तुझं व्रत, ते माझ्या बदलीसाठी मोड म्हणायचं कुणी? दोन महिने झाले, माझी जीभ उचलेना. म्हणून म्हटलं, जायच्या आधी एक दिवस तरी सगळे मिळून कुठंतरी जाऊ."

"विचारून तर बघायचं!"

"न्हाई म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. ते माझं मी म्हणाले असते. विचारायचं तुमचं काम तुम्ही करायचं ना!"

रुद्राणी एकदा आजीकडं, एकदा बापाकडं बघत होती. तिला हे भांडण आहे की काय ते कळेना. मोठ्यांनाही नीट कळत नव्हतं.

"बरं," सिद्रामप्पा म्हणाला. त्यानं हातातली चटणी झटकली आणि आईकडं तोंड करून बसला. "अव्वा, येतीस का आमच्यासंगं लातूरला?"

दोन महिने तयार ठेवलेलं उत्तर रत्नम्माच्या तोंडाशी आलं. तिनं हौदाकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं, गुंडूच्या अजून लाल असलेल्या नाकाकडं बघितलं.

"त्या बाईंच्या नळाला पाणी किती वेळ येतंय?" तिनं विचारलं.

"दिवसाआड, दुपारचं घंटाभर म्हणाल्या. आज पाळी हाय."

"त्या म्हणाल्या! तू बघितलंस का सोडून?"

त्याला ते बघायचं सुचलं नव्हतं.

"सांजची गाडी किती वाजता हाय?"

अर्ध्या तासानं चंद्रप्रभाबाईंनी दार उघडलं तर समोर सगळं कुटुंब, आणि पुढं रत्नम्मा. या वेळी ती दारात थांबली नाही. सरळ स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली आणि नळ सोडला. आधी खरखर झाली, मग करंगळीएवढी धार आली. तिनं ओंजळीत घेऊन वास घेतला.

"इथं पण बिलचिंगच हाय."

"सगळीकडेच टाकतात आता, आजी," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"टाकतात खरं." रत्नम्मानं तांब्या विसळला, वाळ्याची जुडी काढून खिडकीत ठेवली आणि तांब्या त्या धारेखाली धरला. तो भरेस्तोवर ती मान वळवून भिंतीला बोलली, "खाट या अंगाला बसती. दाराला लागत न्हाई. माझी खाट अरुंद हाय." मग वीत लावून जागा मोजून दाखवली, चार विती आणि वर चार बोटं.

"म्हणजे येताव?" महानंदानं विचारलं.

"मी कुठं काय म्हणले? मी नळ बघून राहिले."

पण झाकण लावताना तिनं चंद्रप्रभाबाईंना बजावलं, "बाई, तुम्ही चौघांना म्हणालाव. आता पाच हायत. मागून तक्रार नको."

"सरबत घेणार का आता?"

"घेते. लिंबू कमी घाला."

दुसऱ्या दिवशी पहाटे उदगिरात रहाट करकरला नाही. रत्नम्मानं लातूरच्या नळाच्या पाण्यानं लिंगाला आंघोळ घातली, नवी विभूती लावली, आणि लिंगाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. पूजा उरकून ती ओट्यावर आली तर शेजारची शिवकांता भिंतीवरून मान काढून बघत होती.

"काय गं अक्का, आज आडावर गेली न्हाईस? बरं न्हाई का?"

रत्नम्मानं दम घेतला. ज्या ओट्यावरून सांगितलं होतं, तिथूनच आता सांगायला लागणार होतं. "आडात पाणी न्हाई. दीड महिना झाला. मी नुसता पोहरा हलवत होते."

"हां, ते ठाव हाय," शिवकांता म्हणाली. "आमच्या भिंतीला ऐकू येतंय की. पलीकडच्या मडिवाळप्पालाही ठाव हाय. ते न्हाई विचारलं, बरं न्हाई का ते विचारलं."

रत्नम्मा उभीच राहिली. "सगळ्या गल्लीला ठाव होतं?"

"होतं बाई."

"आणि कुणी काही बोललं न्हाई?"

"कशाला बोलायचं?"

शिवकांता मान आत घेऊन कामाला लागली. रत्नम्मानं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्ली बघितली. दारं बंद, कुठं धूर, कुठं झाडणं चाललेलं. एवढी सगळी माणसं दीड महिना गप्प बसली, ती उगीच बसली असतील? ती आत गेली आणि खाटेची सुतळी सैल करायला घेतली, पण सुतळी सोडता सोडता तिचा विचार चाललाच होता: यांना बदल्यात आपल्याकडून काय हवं असेल?